पोचलीस का?

गॅरेजवाले त्यांना पाठीमागे चुंबकबाई म्हणायचे आणि बाईंना ते ठाऊक होतं. ठाऊक असूनही त्या रागवत नसत. उलट मनातून जरा सुखावतच असत. विमा कंपनीच्या सर्व्हेअरला लोकांनी थोडं टरकून असावं, असं त्यांचं मत होतं. गाडी ठोकली की मालक भरपाई मागतो. तो सांगतो ते खरं की थाप, हे बघायला बाई जायच्या. पर्समध्ये रुमालात गुंडाळलेलं एक चुंबक असायचं. ते पत्र्यावरून हळूहळू फिरवायचं. जिथे चिकटणार नाही तिथे रंगाखाली पुट्टी भरलेली, म्हणजे ही जागा आधीच कधीतरी ठोकलेली. मग मालक कितीही गोड बोलो, चहा मागवो, देवाधर्माच्या आणाभाका घेवो, बाई वर मान करूनसुद्धा बघायच्या नाहीत.

"तुझ्यापुढे पत्रा बोलतो, पण माणसाची बोबडी वळते," असं त्यांचे यजमान म्हणत. यजमान शाळेत गणित शिकवायचे, त्यांना सगळे मास्तर म्हणत. शांत माणूस. "ऑफिस खाली गाडीतच ठेवून येत जा," हे त्यांचं रोजचं पालुपद. बाई हसून सोडून द्यायच्या, पण ऑफिस काही खाली राहायचं नाही. ते जिना चढून वर यायचं.

त्यांची एकुलती एक लेक भिंगरी. नाव वेगळंच होतं, पण लहानपणी एका जागी म्हणून बसायची नाही, तेव्हापासून ही भिंगरीच. कॉलेजचं पहिलं वर्ष, हातात नवंकोरं लायसन्स आणि घरातली जुनी निळी गाडी. बाईंना कंपनीची गाडी होती, त्यामुळे निळी गाडी आपोआप लेकीच्या वाट्याला आली. सोबत आईचा फोनही आला.

"निघालीस का?" "कुठवर आलीस?" "पोचलीस का?"

भिंगरीने पटकन उचलला तर ठीक. दोनचार रिंगा जास्त झाल्या की बाईंना धास्ती वाटायची आणि त्या धास्तीचा पुढे राग व्हायचा. "कुणाबरोबर होतीस? फोन घ्यायला एवढा वेळ का लागला? आवाज असा का येतोय?" मास्तर म्हणायचे, "अगं, ती गाडी चालवत असेल." त्यावर बाईंचं उत्तर तयार असे, "म्हणूनच तर विचारतेय."

याला कारणही होतं. मागे एकदा कॉलेजच्या चार पोरांची गाडी त्यांच्याकडे तपासणीला आली होती. चालवणारा पार्टीतून पिऊन निघालेला. टप कापून पोरांना बाहेर काढावं लागलं होतं आणि तरी दोघं राहिली नव्हती. मागच्या सीटखाली एक बूट सापडला, नाडी नीट बांधलेली. त्या दिवशी बाईंनी पर्समधून चुंबक काढलंच नाही. पण तेव्हापासून रस्त्यावर मुलं हसत खिदळत गाडीत बसताना दिसली की त्यांना आधी तो बूट दिसायचा.

*

एका संध्याकाळी बाई कामावरून परतल्या तेव्हा इमारतीच्या आवारात निळी गाडी उभी होती. ऊन तिरपं पडलं होतं. बाई जिन्याकडे निघाल्या होत्या, त्या दोन पावलं मागे आल्या. पुढचा दरवाजा आणि मडगार्ड उरलेल्या गाडीपेक्षा किंचित जास्त निळे दिसत होते. दुसऱ्या कुणाला शंभर वेळा बघूनही कळलं नसतं. बाईंना न बघण्याची सोयच नव्हती. त्या वाकल्या. खिडकीच्या काळ्या रबरावर निळ्या रंगाचे बारीक शिंतोडे उडाले होते.

पर्समधून रुमाल निघाला. चुंबक मडगार्डवर ठेवलं आणि हात सोडला, तर ते घसरून सरळ फरशीवर पडलं.

बाईंच्या मनात पाल चुकचुकली.

गाडी कुठेतरी ठोकली होती. ठोकली, दुरुस्तही झाली आणि घरात कुणी चकार शब्द काढला नव्हता. वर जाऊन सरळ विचारावं, असं एखाद्या आईला वाटलं असतं. पण सर्व्हेअर आधी विचारत नाही. आधी विचारलं की समोरचा सावध होतो. बाईंनी चुंबक पुसून पर्समध्ये ठेवलं आणि चेहरा नेहमीसारखा करून त्या वर गेल्या.

जेवताना त्यांनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "गाडी कशी चाललीय गं?"

"मस्त," भिंगरी म्हणाली आणि तिने पाण्याचा पेला तोंडाला लावला. तो बराच वेळ खाली ठेवला नाही.

"कुठे घासलीबिसली नाहीस ना?"

"नाही."

मास्तरांनी मान वर केली, बायकोकडे पाहिलं, लेकीकडे पाहिलं आणि पुन्हा ताटात घातली. बाईंना तेवढ्यावरून त्यांचाही संशय आला. म्हणजे यांनाही माहीत आहे की काय?

त्या दिवसापासून बाई डोळ्यांत तेल घालून लेकीवर पाळत ठेवू लागल्या. आणि एकदा बघायचं म्हटलं की काय दिसत नाही? पहिली गोष्ट म्हणजे फोन. आधी भिंगरी बाहेर असली तरी दुसऱ्या रिंगला उचलायची. आता ती गाडी घेऊन निघाली की फोन बंद. पुरता बंद. पोचल्यावर मात्र स्वतःहून करायची, "आई, आले गं मी." आवाजात अति निरागसपणा. बाईंना तो निरागसपणाच खटकायचा.

दुसरी गोष्ट वासाची. एकदा भिंगरी घरात शिरली आणि तिच्या अंगाला स्पिरिटसारखा उग्र वास आला. बाईंनी पाणी द्यायच्या निमित्ताने जवळ जाऊन पुन्हा हुंगलं. वास होताच. तोंडाला नव्हता, बाह्यांना होता. पण दारू सांडली असेल, असं मनाने लगेच उत्तर दिलं. दुसऱ्या दिवशी त्यांनी निळ्या गाडीत डोकं घालून पाहिलं. सीटखाली कापसाचा एक बोळा मिळाला, बाकी काही नाही. काही न सापडणं हेही बाईंच्या हिशेबी वाईटच. नीट आवरून ठेवणारा माणूस त्यांच्या मते नेहमी काहीतरी लपवणाराच असायचा.

तिसरी गोष्ट लायब्ररीची. "लायब्ररीत जाते," असं सांगून भिंगरी दिवसाआड दुपारी बाहेर पडायची. बाई एकदा मुद्दाम त्या रस्त्याने गेल्या. लायब्ररीच्या दाराला कुलूप, बाहेर परांच्या आणि पाटी: रंगकाम चालू असल्यामुळे बंद.

पाटीपुढे उभं राहून त्यांनी सगळं जुळवून पाहिलं. खोटं बोलते. गाडी ठोकते. अंगाला वास येतो. फोन बंद असतो. कुणीतरी मुलगा असणार, आणि तो पिणारा असणार. कदाचित गाडीही तोच चालवत असेल.

*

दुरुस्ती कुणाची, हे शोधायला त्यांना डोकं खाजवावं लागलं नाही. खिडकीच्या रबरावर कागद न चिकटवता रंग मारणारा एकच आळशी कारागीर त्यांना माहीत होता, आणि तो त्यांचा सख्खा धाकटा भाऊ होता. भिंगरीचा मामा. त्याचं छोटं गॅरेज होतं. हात सोन्याचे, पण शेवटची पाच मिनिटं त्याला धीर धरवायचा नाही.

बाई गॅरेजमध्ये शिरल्या तेव्हा तो एका गाडीखाली आडवा होता. बहिणीच्या चपला ओळखून तो तिथूनच म्हणाला, "ताई, आज इकडे कुणाचा क्लेम?"

"माझाच. बाहेर ये."

मामा सरकत बाहेर आला आणि हात पुसायला लागला. हात पुसून झाले तरी पुसतच राहिला.

"निळ्या गाडीचं मडगार्ड तू केलंस."

"कुठली निळी गाडी?"

"रबरावर शिंतोडे आहेत. तुझी सही आहे ती. आता बोल."

मामाने पान्हा उचलला, निरखून पाहिला, परत ठेवला. "ताई, तू बहीण म्हणून विचारतेयस की सर्व्हेअर म्हणून?"

"त्याने काय फरक पडतो?"

"पडतो. सर्व्हेअरला मी काहीही ठोकून देऊ शकतो. बहिणीला नाही देता येणार. म्हणून म्हणतो, मला विचारूच नकोस. मी पोरीला शब्द दिलाय."

"म्हणजे सांगण्यासारखं आहे काहीतरी."

"तिलाच विचार ना! तुझी लेक आहे. चोर आहे का ती, की तिचा माग काढत फिरतेस?"

"गाडीत कोण होतं तिच्याबरोबर?"

"तिलाच विचार," मामा म्हणाला आणि पुन्हा गाडीखाली गेला. नुसते पाय दिसत होते. बाई थोडा वेळ त्या पायांकडे बघत उभ्या राहिल्या. पायांकडून काही कळण्यासारखं नव्हतं.

*

पुढच्या वेळी भिंगरी लायब्ररीला म्हणून निघाली तेव्हा बाई खाली कंपनीच्या गाडीत बसून होत्या. निळी गाडी आवारातून बाहेर पडली. बाईंनी थोडं अंतर राखून आपली गाडी तिच्यामागे घातली.

पोर गाडी चांगली चालवत होती. वळायच्या कितीतरी आधी दिवा लावायची, पिवळा दिसला की थांबायची, पायी जाणाऱ्यांना हाताने "जा" म्हणायची. मागचे हॉर्न वाजवत होते तरी वेग वाढवत नव्हती. हे बघून दुसऱ्या आईचा ऊर भरून आला असता. बाईंच्या मनात आलं, घेतलेला माणूसच असा जपून जपून चालवतो. असे कितीतरी जबाब त्यांनी ऐकले होते, "मी तर अगदी हळू चालवत होतो, मॅडम."

मग त्यांना वाटलं, आत्ता फोन करून बघू. विचारू, कुठे आहेस. समोर गाडी दिसतेय, फोनवर काय सांगते ते ऐकू. एका हाताने चाक धरून त्यांनी दुसऱ्या हाताने फोन उचलला. बंद. पुन्हा लावला. बंद. तिसऱ्यांदा लावताना त्या आकड्यांकडे बघत होत्या, आणि वर पाहिलं तेव्हा बॉनेटच्या पुढे एक बाबागाडी होती.

पाय ब्रेकवर कसा गेला ते त्यांना कळलं नाही. गाडी किंचाळत थांबली. फोन उडून काचेवर आपटला आणि खाली कुठेतरी गेला. बाबागाडी ढकलणारी बाई जागच्या जागी थिजली होती. मग तिने बॉनेटवर हाताची थाप मारली.

"डोळे कुठे आहेत तुमचे?"

"मध्येच कशाला येता?" बाई काच खाली करून ओरडल्या.

त्या बाईने नुसतं बोट खाली दाखवलं. रस्त्यावर पांढरे पट्टे होते. बाबागाडीतलं मूल जागं होतं आणि एका कापडी सशाचा कान चोखत शांतपणे बाईंकडे बघत होतं.

बाई पुढे निघाल्या. निळी गाडी पुढच्या सिग्नलला थांबलेली होती. हे सगळं भिंगरीमुळे, असं त्या मनाशी म्हणाल्या. तिने फोन बंद ठेवला नसता तर आपल्यावर ही वेळ आली नसती. हे वाक्य त्यांनी दोनतीनदा म्हणून पाहिलं.

निळी गाडी एका अरुंद गल्लीच्या तोंडाशी थांबली. भिंगरी उतरली. तिने मागची डिकी उघडून आधी फोन बाहेर काढला, मग एक पिशवी. पिशवीत काचेची बाटली असावी, खणखण वाजली. ती गल्लीतल्या तळमजल्यावरच्या एका घरात न विचारता शिरली, रोजची वहिवाट असल्यासारखी.

सापडली, असं बाईंना वाटलं. आनंद झाला नाही, पण थाप उघडी पडली की व्हायचं ते ओळखीचं समाधान मात्र झालं. थोडा वेळ जाऊ देऊन त्यांनी दार ठोठावलं.

दार एका म्हातारीने उघडलं. तिच्या खांद्यावरून बाईंना आतलं दिसलं. खोलीच्या पुढच्या भागात किल्ल्यांचं दुकान होतं. भिंतभर कोऱ्या किल्ल्या टांगलेल्या, टेबलावर किल्ली कापायचं यंत्र, त्यावर फडकं टाकलेलं. मागे खुर्चीत एक म्हातारा बसला होता. एका हाताला मनगटाभोवती प्लास्टर, त्याच हाताचं कोपर उघडं आणि त्यावर मोठी ओली जखम. त्याच्यापुढे जमिनीवर भिंगरी गुडघे टेकून बसली होती. एका हातात कापूस, दुसऱ्या हातात स्पिरिटची बाटली. जखमेच्या कडेने ती हलक्या हाताने पुसत होती.

"आई," ती म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचा रंगच उडाला.

"हीच का तुझी आई?" म्हातारी दारातून न हलता म्हणाली. "विम्यात आहेत ना त्या? आलं लक्षात. सही घ्यायला आलात का? काही तक्रार नाही म्हणून?"

"कसली सही? मी माझ्या मुलीला बघायला आलेय."

"हो का? मग कागद असतील पर्समध्ये. दाखवा पर्स."

बाईंना आजवर कुणी पर्स दाखवायला सांगितलं नव्हतं. त्यांनी नकळत ती छातीशी धरली. म्हातारीने ते पाहिलं आणि तिची खात्री पटली.

"येऊ दे गं त्यांना आत," म्हातारा म्हणाला. "उभ्या उभ्या काय भांडतेस?"

मग त्यानेच सांगितलं. दुकानाचं सामान घेऊन तो सायकलवरून येत होता. मागून निळी गाडी आली, कडेने घासली आणि तो हातावर पडला. पोर पळाली नाही. गाडी सोडून धावत आली, त्याला उचललं, दवाखान्यात नेलं, रडून रडून तिचाच जीव जायची वेळ आली. डॉक्टरांना त्याने सांगितलं, सायकल घसरली.

"असं का सांगितलंत?" बाईंनी विचारलं. नको तिथे त्यांचा कामावरचा आवाज लागला.

"पोरीचं वय बघितलं. शिवाय खरं सांगू का? पोलिसांकडच्या खेपा मला नको होत्या."

"मला हव्या होत्या," म्हातारी म्हणाली. "मला कुणी विचारलं? पोर चांगली आहे, मी नाही म्हणत नाही. येते, जखम धुते, दुकान झाडते. पण यांची बोटं मिटत नाहीत. किल्ली कापायला बोटं लागतात. ती ही कुठून आणून देणार?"

भिंगरीने मान खाली घातली होती. बाई तिच्याकडे वळल्या.

"कुठे बघत होतीस तेव्हा?"

"फोनकडे."

"वाटलंच मला! कोण होता? कोण मुलगा आहे तो?"

हातातला कापूस भिंगरीने घट्ट आवळला होता, त्यातून थेंब गळत होते.

"मी विचारतेय, कुणाचा फोन होता?"

"सांग की," म्हातारी म्हणाली. "मला सांगितलंस तसं सांग."

"तुझा होता, आई."

बाहेर गल्लीत कुणीतरी बादली आपटली.

"तू 'पोचलीस का' विचारायला केला होतास," भिंगरी हळूच म्हणाली. "फोन बाजूच्या सीटवर होता. वाजत होता. लवकर नाही उचलला की तू काय काय समजतेस, मला माहीत होतं. मी फक्त हात लांबवला. तेवढ्यात आवाज झाला. फोन वाजायचा थांबला होता. हे कडेला बसले होते, हात धरून. आणि तू परत केलास. तेव्हा मी उचलला आणि म्हटलं, पोचले."

बाईंना ते 'पोचले' आठवलं. लख्ख आठवलं. धाप लागलेला आवाज होता. त्यावर आपण काय म्हणालो तेही आठवलं: "धापा का टाकतेस? कुणाबरोबर आहेस?"

तरी त्यांच्या तोंडून सवयीनेच निघालं, "म्हणजे आता माझ्यावर ढकलतेस?"

"नाही," भिंगरी म्हणाली. "म्हणून तर सांगितलं नाही. सांगितलं असतं तर ढकलल्यासारखंच झालं असतं. हात मी लांबवला. रस्त्यावरून नजर मी काढली. आता फोन बंद करून डिकीत टाकते, म्हणजे हात पोचणारच नाही."

बाईंना एकदम बसावंसं वाटलं. जवळ स्टूल होतं, त्यावर त्या बसल्या. डोळ्यांपुढे जखम नव्हती, प्लास्टर नव्हतं. सशाचा कान चोखणारं ते मूल होतं. आणि आपण काच खाली करून काय ओरडलो ते होतं.

"थोडं पाणी मिळेल का?" त्या म्हणाल्या.

म्हातारीने पाणी दिलं. ते पिऊन झाल्यावर बाईंनी बाबागाडीची गोष्ट सांगितली. आत्ता, येताना घडलेली. फोन कुणाला लावत होत्या तेही सांगितलं. सांगताना त्या भिंतीवरच्या किल्ल्यांकडे बघत होत्या. लेकीकडे बघवेना.

*

"मग आता काय करणार तुम्ही?" म्हातारीने विचारलं.

काय करता येईल, हे बाईंइतकं त्या खोलीत कुणालाच माहीत नव्हतं. दवाखान्यात सायकल घसरली असं सांगितलेलं होतं. गाडी दुरुस्त झालेली होती. मामा तोंड उघडणार नव्हता. म्हाताऱ्याच्या औषधपाण्याचं बघितलं, गोड बोललं, की प्रकरण इथल्या इथे मिटत होतं. पोरीच्या लायसन्सवर ओरखडासुद्धा उमटला नसता. अशी मिटवलेली प्रकरणं उकरून काढण्यात बाईंची उमर गेली होती. ती मिटवतात कशी, याचं शिक्षण त्यांना दुसऱ्या कुणी द्यायची गरज नव्हती. तो विचार मनात आला आणि गेला नाही, जरा वेळ तिथेच घुटमळला.

त्यांनी मान वर केली तर भिंगरी त्यांच्याकडे बघत होती. टक लावून, पापणी न हलवता. गाडीचा पत्रा बघताना बाई जशा बघायच्या, अगदी तशी. आता ही काय करते, याची वाट बघत. ही नजर तिने कुठून उचलली, हे विचारायची सोय नव्हती.

"पोलीस ठाण्यात जाऊ," बाई म्हणाल्या. "आत्ताच. मीही येते. फोन कुणाचा होता ते मी सांगेन."

"लायसन्स जाईल," भिंगरी म्हणाली. हे विचारणं नव्हतं. तिला माहीत होतं.

"जाईल काही दिवस."

"जाऊ दे," ती म्हणाली आणि तिने आधी म्हाताऱ्याची जखम पुरी पुसून त्यावर कोरडी पट्टी बांधली. तोपर्यंत सगळे थांबले.

म्हातारीही निघाली. "मी येणार," चपला घालत ती म्हणाली. "तुम्ही तिथे काय सांगता ते मला माझ्या कानांनी ऐकायचंय."

ठाण्यातल्या हवालदाराला आधी काही उमजेचना. अपघात झालेला माणूस तक्रार करत नाही, गाडी ठोकणारी स्वतः येते आणि तिची आई म्हणते, माझंही लिहून घ्या. "तुमचं काय लिहू?" त्याने विचारलं. "फोन करणं काही गुन्हा नाही."

"ती चालवतेय हे मला माहीत होतं," बाई म्हणाल्या. "तेवढं लिहा."

त्याने खांदे उडवले, पण लिहिलं.

पुढचं सगळं सरळ झालं नाही. भिंगरीचं लायसन्स काही महिन्यांसाठी गेलं आणि ती बसने कॉलेजला जाऊ लागली. बाईंच्या कंपनीत कुजबुज झाली. साहेबांनी बोलावून विचारलं, तुमच्याच घरच्या गाडीला चोरून रंग मारला जातो, हे दिसतं कसं? बाईंनी ऐकून घेतलं. गॅरेजवाल्यांना तर ऊतच आला. एकाने तोंडावर विचारलं, "मॅडम, चुंबक घरी ठेवलं होतं का?" मामा मात्र बहिणीशी कितीतरी दिवस बोलला नाही. त्याचा शब्द मोडायला तिने लावलं नव्हतं, तरी त्याला तसं वाटत राहिलं. घरी मास्तरांनी कबूल केलं, की त्यांनी दरवाजाचा रंग पहिल्याच दिवशी पाहिला होता.

"मग बोलला का नाहीत?"

"तू बोलशील म्हणून थांबलो होतो," ते म्हणाले. "आणि तू बोलत नव्हतीस याचीच मला जास्त भीती वाटत होती."

किल्लीवाल्याचा खर्च विम्यातून मिळाला. प्लास्टर निघालं, जखम भरली. पण बोटं पूर्ण मिटेनात. व्यायामासाठी त्याला दवाखान्यात जावं लागे. तेवढ्या दिवसांत म्हातारी किल्ल्या कापायला शिकली. पहिल्या काही किल्ल्यांनी कुणाचंच कुलूप उघडलं नाही, मग उघडायला लागलं.

दवाखान्यात न्यायचं काम बाईंनी आपल्याकडे घेतलं. त्या गाडी घेऊन गल्लीच्या तोंडाशी येत. म्हातारा मागे बसे, म्हातारी पुढे. बसल्याबरोबर म्हातारी तळहात पुढे करायची.

"फोन."

पहिल्या दिवशी बाईंना ते झोंबलं होतं. "बंद केलाय मी," त्या म्हणाल्या होत्या.

"केला असेल. माझ्याकडे द्या."

तिचा बाईंवर विश्वास नव्हता आणि ती तसं लपवतही नव्हती. बाई वाद न घालता फोन द्यायला लागल्या. म्हातारी तो मांडीवर ठेवून त्यावर दोन्ही हात ठेवायची, एखादं तापट मांजर धरून बसावं तशी, आणि संपूर्ण रस्ताभर बाईंच्या डोळ्यांकडे बघत राहायची. डोळे रस्त्यावरून हलले की घसा खाकरायची.

एका दिवशी बाई गडबडीत फोन बंद करायला विसरल्या आणि अर्ध्या वाटेत तो म्हातारीच्या मांडीवर वाजला. बाईंचे डोळे तिकडे जाऊ पाहत होते. म्हातारी खाकरली. बाईंनी नजर पुढे ठेवली. फोन वाजतच होता.

म्हातारीने बटण दाबून तो कानाला लावला. "गाडी चालवतायत त्या," ती म्हणाली. "मग करा." आणि ठेवून दिला.

"कोण होतं?" बाईंनी विचारलं.

"मी नाही विचारलं," म्हातारी म्हणाली. "समोर बघा. मुलं ओलांडतायत."

शाळा सुटली होती. बाईंनी गाडी थांबवली. मुलांची रांग संपता संपत नव्हती. मागच्याने हॉर्न वाजवला, तरी शेवटचं पोर पलीकडे जाईपर्यंत त्यांचा पाय ब्रेकवरच होता.